होसकोट्याच्या पलीकडचं पाणी

नागपूर, २८ मे २०२४

प्रिय वसू,

या वयात हाताने लिहिलेलं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर हे बोलायची सोय नाही. अनुषा घरी आली की माझा फोन 'साफ' करून देते, अन् साफ करता करता सगळं वाचते, कुणाशी किती वेळ बोलले तेही बघते. म्हणून कागद.

मार्चपासून ती तुमच्या बंगळूरला, सर्जापूर रोडवरच्या कंपनीत आहे हे तुला माहीतच आहे. पोरगी सत्तावीस वर्षांची झाली, अक्कल मात्र सतराची. आता नवं खूळ घेतलंय. विंगफॉइलिंग. हातात रबरी पंख धरायचा, पायाखाली फळी, अन् वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून उडत जायचं. ऑफिसातली मुलं शनिवारी होसकोट्याच्या पलीकडे कुठल्याशा तलावावर जातात, ही पण जाणार. मला न सांगता सोसायटीच्या तलावात पोहायलाही शिकली!

मी म्हटलं, "तुझे बाबा वैनगंगेत गेले, विसरलीस का?" तर म्हणते, "बाबांना पोहता येत नव्हतं, मला येतं. आणि आई, यात पाण्याच्या वर राहायचं असतं, आत नाही."

ऐक बाप्पा आता.

वसू, मी तिला कधी नदीकाठच्या सहलीलासुद्धा पाठवली नाही. तिथे तिला कान धरून सांगणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. तिला थांबव. कारण तुला लिहायला नको.

तुझीच,
प्रतिमा

*

मल्लेश्वरम, १० जून २०२४

प्रिय प्रती,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, पावसात भिजलेल्या चिमण्या तारेवर बसाव्यात तसं. पाकीट हातात घेतलं आणि स्वल्प वेळ उघडलंच नाही. सँकी टँकच्या बांधावर दप्तरं टाकून आपण दोघी कच्चे पेरू खात बसायचो, शाळेचे निळे झगे गुडघ्याखाली ओढून. सिस्टर फिलोमिना मागून यायच्या आणि म्हणायच्या, "मुलींनो, पाण्याकडे इतकं पाहू नये, पाणीही पाहतं." आठवतं? तू तेव्हापासून पाण्याला भ्यायचीस. मी नाही.

तुझ्या शब्दाखातर परवा शनिवारी अनुषाबरोबर तलावावर गेले. आधी ते काय आहे ते तर बघावं ना. शिकवणाऱ्याचं नाव वेणुगोपाल. चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, फार नम्र. मला "अक्का" म्हणाला आणि खुर्ची दिली. तुला सांगते सगळं, म्हणजे उगीच घाबरणार नाहीस.

पहिल्या दिवशी पाण्यात जायचंच नसतं. पंपाने पंखात हवा भरतात, तो माणसाहून मोठा होतो, पण अंगात वजन नाही. पतंगासारखी लांब दोरी नाही, सरळ हातात धरायचा. मग मैदानात उभं राहून वारा ओळखायचा. वेणुगोपाल म्हणाला, "डोळे मिटा. दोन्ही कानांना वारा सारखा लागला की तुमचं तोंड वाऱ्याकडे आहे." मीही मिटले. प्रती, बासष्टाव्या वर्षी कुणी मला डोळे मिटायला सांगितलं आणि मला रडू आलं. नंतर मोठी, जाडजूड फळी. तिच्यावर आधी गुडघे टेकून बसायचं. ते जमलं की उभं राहायचं. सगळ्यात शेवटी फॉइल. ते फळीच्या खाली असतं, कमरेएवढा दांडा आणि त्याच्या टोकाला विमानासारखे धातूचे पंख. वेग आला की फळी पाण्यातून वर उचलली जाते आणि आवाजच बंद होतो. एक मुलगी तशी गेली माझ्यासमोरून. भुतासारखी. फार सुंदर.

नियम एकच लक्षात ठेवायचा: पडताना पंख सोडून द्यायचा आणि फॉइलपासून लांब पडायचं. तो दांडा कापतो.

अनुषाला मी थांबवलं नाही. तिचा चेहरा पाहिला असतास तर तूही थांबवलं नसतंस.

आणि आता खरं बोलू? तुझी भीती पाण्याची नाही, होसकोट्याची आहे. तेवीस वर्षांपूर्वी तुझा गिरीराज वैनगंगेच्या काठावर कपडे आणि चपला ठेवून 'गेला', त्याला दोन महिने झाले असतील. आमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या फुलबाजारात मी त्याला जिवंत पाहिलं, एका बाईच्या केसांत शेवंती माळताना. तो होसकोट्यात राहतो हेही विचारून घेतलं आणि त्याच रात्री तुला कळवलं. तू उत्तर दिलंस, "जे पाहिलंस ते तू पाहिलं नाहीस." सरी, बरं, म्हटलं. तेव्हापासून मी काही पाहिलेलं नाही. तो होसकोट्यात पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, दुकान हमरस्त्यावरच आहे, तलावाकडे जाताना डाव्या हाताला. तेही मी पाहिलेलं नाही.

तुझ्या मुलीला सगळे लाड,
वसू

*

नागपूर, १९ जून २०२४

वसुमती,

तुझं पत्र जाळलं. तूही माझं जाळ.

तुला काय कळणार? लग्न नाही, संसार नाही, तू आपली वडिलांच्या घरात बसून आयुष्यभर लायब्ररीतली कार्डं लावलीस. मृतदेह मिळाला नाही म्हणून गुरुजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला होता. तीनशे साठ पानं. डोक्याला इतकी, छातीला इतकी, पायाला इतकी, मोजून. नारळाचं डोकं. त्याला मी नवऱ्याचं धोतर नेसवलं. चार वर्षांच्या अनुषाच्या हाताला धरून गुरुजींनी अग्नी दिला. माझ्या बांगड्या तिथेच फुटल्या. अन् त्यानंतर दोन महिन्यांनी तुझं पत्र येतं, की तो शेवंती माळतोय!

मी काय करायचं होतं? गावभर सांगत फिरायचं होतं, की जाळला तो पाला होता? विधवेला सासरी कोपरा मिळतो, टाकलेल्या बाईला उंबराही मिळत नाही. सासूबाई मरेपर्यंत मला जवळ घेऊन रडल्या. खरं कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, तुझ्यातच काही कमी असेल. अन् अनुषा? बापाने टाकलेली पोर म्हणून वाढली असती. आता निदान बापाच्या फोटोला हार घालते. दर श्रावण वद्य पंचमीला उपास करते, जगात कुठेही असली तरी घरी येते. तेवढं एक आहे माझ्याकडे.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही असं समजू नकोस. गिरीराज तुला पाहायला आला होता. मी फक्त गोड केसरीबाथचा ट्रे घेऊन बाहेर आले होते. त्यात माझा काय दोष? मी तुझ्यापेक्षा गोरी होते, बस.

तिला होसकोट्याला जाऊ देऊ नकोस.

प्रतिमा

*

मल्लेश्वरम, ३ जुलै २०२४

प्रिय प्रती,

किती रागावलीस! केसरीबाथ मीच केला होता, हे मात्र तू विसरलीस. असो. मी तुझ्यावर कधी रागावले नाही. सिस्टर म्हणायच्या, वसुमतीचा राग मेणासारखा, ऊब लागली की वितळतो.

अनुषा आता दर शनिवारी तलावावरून थेट माझ्याकडे येते. मेट्रोतून उतरते ती केसांतून पाणी गळत. वरची खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे. पहिल्यांदा "वसुमावशी" म्हणाली तेव्हा माझ्या हातातला चमचा पडला. आमचं जुनं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून खिदळते. "मावशी, तुम्ही 'स्वल्प स्वल्प' काय म्हणता सारखं? क्यूट आहे!" तिने तुझ्यासारखे केस बांधू नयेत असं मी सुचवलं. मोकळे छान दिसतात.

गुडघ्यांवरून ती उभी राहायला लागली आहे. उभी राहिली त्या पहिल्याच दिवशी अकरा वेळा पडली. पडली की मात्र एक गोष्ट होते. बाकीची मुलं हसत वर येतात, ही वर आली की तिचे डोळे पांढरे झालेले असतात. वेणुगोपालने विचारलं, "येनम्मा, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, वडील इथे असतील असं वाटलं." पाण्यात गं. प्रत्येक पाण्यात तिला बाप दिसतो. तेवीस वर्षं तू तिला काय खाऊ घातलंस, ते तिथे दिसतं.

आणि काल जेवताना सहज म्हणाली, "आईजवळ बसलं ना, की रोज श्राद्धाला बसल्यासारखं वाटतं." वाईट मनाने नाही म्हणाली हो. तुला कळावं म्हणून लिहिलं.

प्रकृतीला जप.
वसू

*

नागपूर, १५ जुलै २०२४

वसुमती,

ती श्राद्धाला येणार आहे. तारीख तेवीस ऑगस्ट. तिने स्वतः कबूल केलं. त्यानंतर ती पुन्हा पाण्यात उतरणार नाही, कारण मी काल तिला फोन केला.

मी तिला म्हटलं, "तुझे बाबा स्वप्नात आले होते. ओल्या कपड्यांनी दारात उभे होते. म्हणाले, पाणी फार थंड आहे गं, अनूला माझ्याकडे पाठव." ती लहानपणी रडायची तशी रडली. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण आईने मुलीला घाबरवायचं नाही तर कुणी?

तुझ्याबद्दलही सांगितलं. मावशी प्रेमळ आहे, पण एका स्थळाने नाकारल्यापासून जरा तशीच आहे, एकटी राहून बाईचं डोकं फिरतं, तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

वरच्या खोलीला आता कुलूप लाव.

प्रतिमा

*

मल्लेश्वरम, २९ जुलै २०२४

प्रती,

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. मी तिला काही बोलले नाही. मला वाटलं, ती शहाणी आहे, स्वप्नाबिप्नाला भीक घालणार नाही. ही माझी चूक.

परवा शनिवारी तिने पहिल्यांदाच फॉइलची फळी घेतली. वारा चांगला होता. वेणुगोपाल बोटीतून ओरडत होता, "खाली बघू नको, जिथे बघशील तिथे जाशील!" तिने खाली पाहिलं. ती पडली, आणि प्रती, तिने हात-पायच मारले नाहीत. पोहता येणारी मुलगी पोटाशी गुडघे घेऊन पाण्यात बसून राहिली, जणू कुणी तिला बस म्हणालं होतं. अंगात जॅकेट होतं म्हणून वर आली, पण पंख तिने सोडला नव्हता. वाऱ्याने तो ओढला, फळी उलटली आणि फॉइल मांडीवरून गेलं. वेणुगोपालने तिला बोटीत घेतलं तेव्हा तिचा एकच पाय दिसत होता, दुसरा लाल होता.

चौदा टाके. घाबरू नकोस, ठीक आहे. माझ्याकडेच आहे. तुला कळवू नका म्हणाली, म्हणून दोन दिवस थांबले.

गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती काय म्हणत होती ऐकायचंय? "मावशी, बाबा बोलावत होते. मी नाही गेले तर त्यांना थंडी वाजेल."

मग मी तिला सांगितलं.

वसू

*

नागपूर, २ ऑगस्ट २०२४

काय सांगितलंस? ती माझा फोन घेत नाही. नेमके शब्द लिही. मी तिकडे येते.

प्र.

*

मल्लेश्वरम, १९ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रती,

तुला 'येऊ नकोस' कळवायची तिचीच इच्छा होती. तार आता बंद झाली म्हणून फोनवर दोनच वाक्यांत सांगावं लागलं. तू ऐकलंस, बरं केलंस. पत्राला उशीर झाला. घरात माणूस असलं की वेळ कसा जातो, मला माहीतच नव्हतं.

नेमके शब्द विचारलेस. मी म्हटलं, "अनू, तुझे बाबा कुठल्याही पाण्यात नाहीत. ते होसकोट्यात आहेत. मोटारी दुरुस्त करतात. तुझ्या आईला पहिल्यापासून माहीत आहे." एवढंच. तिने विचारलं, "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, जूनमध्ये तलावाकडे येताना पाटीवर नाव वाचलं, तेव्हा शंका आली. हे लक्षात ठेव. तिने तुला विचारलंच तर तूही हेच म्हण. तिला आता धरायला कुणीतरी एक हवं ना गं.

टाके निघाले त्या दिवशी आम्ही दुकानावर गेलो. मी गाडीतच बसले. त्याने मला ओळखलं असतं. काच खाली केली होती. गिरीराज म्हातारा झालाय, कानांवर केस आलेत. अनुषा नुसती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी नागपूरहून आले. अनुषा." तो बराच वेळ हातातला पान्हा पुसत राहिला. आतून बायकोने विचारलं, कोण आहे? तो कानडीत म्हणाला, "यारो नागपूरदवरु, पंप केळक्के बंदिद्दारे." कुणी नागपूरची माणसं, पंप विचारायला आलीत.

तुझ्या मुलीला पाच महिन्यांत एवढं कानडी येतं, हे त्याला काय माहीत. ती गाडीत येऊन बसली. रडली नाही. "मावशी, चला. वारा सुटलाय," म्हणाली.

आणि परवा ती उडाली. मी काठावर उभी होते. आधी गुडघे, मग उभी, मग फळीने दोनदा पाणी आपटलं, आणि एकदम आवाज थांबला. तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पाण्याला न शिवता गेली. एकदाही खाली पाहिलं नाही. सगळी मुलं ओरडत होती, वेणुगोपालने शिट्टी वाजवली. मी नुसती डोळे भरून बघत होते. माझी मुलगी, असं मनात आलं. चुकून आलं. तुला लपवत नाही.

श्राद्धाला ती येणार नाही. सर्जापूर रोडची खोली सोडून महिनाअखेर सामान इथे आणते आहे. तू एकटी काय काय करशील याची काळजी वाटते. गुरुजींना सांग, तुळशीपत्र जरा जास्त ठेवा.

सदैव तुझी,
वसू

*

नागपूर, २४ ऑगस्ट २०२४

वसुमती,

श्राद्ध काल पार पडलं. गुरुजींनी विचारलं, "मुलगी कुठे?" म्हटलं, कामात आहे. पिंडाला कावळा लगेच शिवला. जिवंत माणसाच्या पिंडाला इतका लगेच कसा शिवतो, ते विचारावंसं वाटलं गुरुजींना.

संध्याकाळी अनुषाचा फोन आला. तीन आठवड्यांनी. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "आई, तू हे का केलंस ते मला माहीत आहे. मला फक्त एक सांग. मावशीला कधीपासून माहीत होतं?"

तुझं पत्र समोर होतं. मी काय म्हणायचं ते तू लिहूनच दिलं होतंस.

ऑक्टोबर दोन हजार एकचं तुझं पत्र मी तेव्हा जाळलं नव्हतं. इतकी वर्षं लुगड्यांच्या खाली होतं. त्याचा फोटो काढता येत नव्हता मला, शेजारची पोरगी वाणी, तिच्याकडून माझ्याच फोनवर काढवून घेतला अन् अनुषाला पाठवला. तुझं अक्षर फार सुंदर आहे. तारीख अगदी ठळक आली. 'शेवंती' हा शब्दही.

मग तुझी या उन्हाळ्यापासूनची पत्रंही. एकसुद्धा जाळलं नाही मी.

प्रतिमा

*

मल्लेश्वरम, ९ सप्टेंबर २०२४

प्रती,

ती गेली.

श्राद्धानंतरच्या रविवारी संध्याकाळी खाली आली, हातात फोन. पायऱ्या अजून जपून उतरते. मी कॉफी गाळत होते. म्हणाली, "दर वाढदिवसाला तुम्ही मला पुस्तक पाठवायचा. पहिल्या पानावर लिहायचा, 'वडिलांच्या आशीर्वादाने मोठी हो.' ते लिहिताना काय वाटायचं?"

मी म्हटलं, "अनू, तुझ्या आईने सांगितलं होतं, मी पाहिलं नाही असं समज म्हणून—"

"आई भ्यायली होती," ती म्हणाली. "तुम्ही कशाला भ्यायलात?"

कॉफी ओट्यावर सांडली. तिने फडकं घेऊन पुसली, प्रती. पुसता पुसता म्हणाली, "आईने मला बुडवलं, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला मात्र मी बुडत होते तेच बरं वाटलं. त्याशिवाय मी तुमच्या मांडीवर कशी आले असते?"

फडकं पिळून तिने नळावर वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. वेणुगोपाल सांगतो, तिने कंपनीकडून घरून काम मागून घेतलंय आणि तिकडे दक्षिणेला कुठेतरी समुद्रावर गेली आहे, जिथे वारा वर्षभर असतो. गावाचं नाव त्याला माहीत आहे. सांगत नाही. "अक्का, तिने नको म्हटलंय," एवढंच म्हणतो. अजूनही खुर्ची देतो.

मी रोज फोन लावते. एकदा वाजतो आणि बंद होतो. तिने मला अडवलंय म्हणतात ना, तसं काही केलं असावं. तुझा लागतो का? लागत असेल तर एवढंच सांग, की तिच्या जखमेचं मलम इथेच राहिलं आहे.

वसू

*

नागपूर, १७ सप्टेंबर २०२४

वसू,

माझाही लागत नाही.

मलम कुठलं ते लिही. वाणीच्या फोनवरून करून बघते. तिचा नंबर अनुषाला माहीत नाही.

प्रतिमा